खांद्याची भूल आणि न वापरलेल्या बाटल्यांचा हिशेब
(विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. जमाखर्च, खरेदी आणि कर्मचाऱ्यांच्या रजा हे माझे क्षेत्र. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही आणि एरवी मी तो घेतही नाही. तरीही आज मी भुलीविषयी बोलणार आहे, आणि त्याचे कारण हिशेबाच्या वहीतच आहे. गेल्या सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी औषध भांडाराच्या परिशिष्टातील एका ओळीवर बोट ठेवले होते. 'लिपिड इमल्शन, २० टक्के, मुदतबाह्य, निर्लेखित.' ही ओळ दरवर्षी का दिसते, जे औषध वापरलेच जात नाही ते आपण पुन्हा पुन्हा का विकत घेतो, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न अगदी रास्त होता. मी दोन वाक्यांत उत्तर देऊन वेळ निभावून नेली. ते उत्तर अपुरे होते, ही रुखरुख मनात राहिली. आज ते पूर्ण करण्याची संधी अध्यक्ष महोदयांनी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आमच्या भूलतज्ज्ञांनी हे टिपण वाचून माझ्या वैद्यकीय चुका दुरुस्त केल्या आहेत. हिशेबातील चूक मात्र माझी स्वतःची आहे. तिच्याकडे मी येणारच आहे.

खांद्याची शस्त्रक्रिया ही दुखण्याच्या बाबतीत फार कठोर मानली जाते. स्नायूबंध फाटलेला असो, सांधा वारंवार निखळत असो किंवा हाड मोडलेले असो, शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र रुग्णाची परीक्षा पाहणारी असते. अशा वेळी केवळ पूर्ण भूल देऊन भागत नाही, कारण भूल उतरते तेव्हा वेदना जागी होते. म्हणून मानेच्या कडेला इंजेक्शन देऊन हाताकडे जाणारे मज्जातंतूच काही तासांपुरते बधिर करतात. यालाच आपण 'ब्लॉक' म्हणतो. हाताचे सगळे मज्जातंतू मानेच्या मणक्यांतून निघतात, मानेच्या दोन स्नायूंच्या मधून खाली उतरतात आणि हासळीच्या हाडाखालून काखेत शिरतात. ज्या फटीतून ते बाहेर पडतात, तिथेच औषध सोडले की खांदा बधिर होतो. हात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जड आणि परका राहतो, पण रुग्ण रात्री झोपतो. वेदनाशामक औषधांची, विशेषतः अफूवर्गीय औषधांची, गरज कमी होते. मळमळही कमी होते.

ही कल्पना जुनी आहे. कोकेनने शरीराचा भाग बधिर होतो हे १८८४ मध्ये सिद्ध झाले आणि लगेचच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड या शल्यचिकित्सकाने हाताच्या मज्जातंतूंवर तो प्रयोग केला. स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेड यांना कोकेनचे व्यसन जडले. या शास्त्रातील पहिली मोठी दुखापत ही अशी खुद्द डॉक्टरलाच झाली, असे म्हणायला हरकत नाही. आज खांद्यासाठी मानेतील ज्या जागेवर ब्लॉक देतात, ती पद्धत अमेरिकेतील अलॉन विनी यांनी १९७० मध्ये मांडली.

आता त्या जागेविषयी. आमचे भूलतज्ज्ञ म्हणतात की मानेतील तो भाग म्हणजे जुन्या पेठेतला बोळ आहे. एका हाताच्या अंतरावर सगळ्यांची घरे. मज्जातंतूंच्या शेजारीच मेंदूला रक्त नेणारी धमनी आहे, आतल्या बाजूस मज्जारज्जू आहे, खाली फुप्फुसाचे टोक आहे, आणि श्वासपटलाला हालवणारा मज्जातंतू तर अगदी लगतच्या स्नायूवरून उतरतो. औषध एका घरी पोचवायचे असले तरी शेजाऱ्याच्या दारात थोडे सांडतेच.

हे सांडणे म्हणजे काय, हे मला प्रथम एका मुलाने शिकवले. त्याच्या आईच्या खांद्याची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली होती. संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला तो तावातावानेच.

"साहेब, ऑपरेशन खांद्याचं केलं ना? मग आईला श्वास का पुरत नाही? आणि तिची एका डोळ्याची पापणी पडलीय, आवाज बसलाय. अर्धांगवायू झालाय का तिला? खरं काय ते सांगा."

अर्धांगवायू झालेला नव्हता. मानेतील ब्लॉकचे औषध जवळच्या तंतूंपर्यंत पोचले की त्या बाजूची पापणी झुकते, आवाज घोगरा होतो आणि श्वासपटलाचा तो अर्धा भाग काही तास निजतो. अमेरिकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमीच्या मात्रेने ब्लॉक दिलेल्या प्रत्येक रुग्णाचे त्या बाजूचे श्वासपटल लुळे झालेले आढळले. अपवाद एकही नाही. म्हणजे हा अपघात नव्हे, पद्धतीचाच भाग. धडधाकट माणसाची श्वास घेण्याची क्षमता सुमारे पाव हिश्शाने कमी होते आणि बहुतेकांना ते जाणवतही नाही. पण या माउलीने जन्मभर चुलीपुढे बसून धूर गिळलेला होता. तिच्या फुप्फुसात तो पाव हिस्सा शिल्लक नव्हता. तिला उशा लावून बसते केले, प्राणवायू दिला, रात्रभर परिचारिका उशाशी राहिली आणि पहाटेपर्यंत श्वास पूर्ववत झाला. पापणीही वर आली.

वैद्यकीय दृष्ट्या ती गोष्ट तिथे संपली. माझ्या दृष्टीने मात्र संपली नाही, कारण त्या मुलाने सकाळी शांतपणे एकच विचारले, "हे होणार हे तुम्हाला ठाऊक होतं, तर आधी का नाही सांगितलं?" आमच्या संमतिपत्रावर त्याची सही होती. त्या कागदावर इंग्रजीत 'भुलीचे सर्व धोके समजावून दिले आहेत' अशी एक ओळ होती. २००८ च्या जानेवारीत समीरा कोहली प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती. आमची ती ओळ कायद्यालाही पुरली नसती, आणि त्या मुलाला तर नाहीच नाही. आता भुलीचे संमतिपत्र वेगळे आहे, मराठीत आहे, आणि श्वास, पापणी, आवाज या तिन्ही गोष्टी त्यात रोजच्या भाषेत लिहिल्या आहेत. दमा असलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या रुग्णांसाठी भूलतज्ज्ञ औषधाची मात्रा कमी करतात किंवा मानेऐवजी खांद्याजवळच्या तंतूंनाच बधिर करतात. वीसऐवजी पाच मिलिलिटर औषध दिले तर श्वासपटल लुळे पडण्याचे प्रमाण निम्म्यावर येते, असे २००८ च्या एका अभ्यासात दिसून आले. निम्म्यावर येते, शून्यावर नाही. म्हणून फुप्फुसे फारच अशक्त असतील तर हा ब्लॉक न देणे हाच उपचार.

आता मूळ ओळीकडे येतो.

ब्लॉकचे औषध मज्जातंतूभोवती राहिले तर ते औषध. रक्तात एकदम शिरले तर विष. मानेतील धमनीत त्याचे काही थेंब गेले तरी ते थेट मेंदूत पोचतात आणि फिट येते. शिरेतून हृदयाकडे गेले तर हृदयाची लय बिघडते. बुपिव्हॅकेन हे या कामी सर्वत्र वापरले जाणारे, दीर्घकाळ टिकणारे औषध. ते हृदयाला चिकटून बसते, आणि त्यामुळे थांबलेले हृदय नेहमीच्या उपायांना दाद देत नाही, असा इशारा अमेरिकेत १९७९ मध्येच देण्यात आला होता. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे यावर खात्रीचा उतारा नव्हता. १९९८ मध्ये शिकागो येथील गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की सोयाबीन तेलापासून बनवलेले, शिरेतून पोषणासाठी देतात ते दुधासारखे द्रावण दिले, तर हे विष हृदयाची पकड सोडते. चरबीत विरघळणारे औषध ते द्रावण आपल्याकडे ओढते आणि रक्तप्रवाहाबरोबर यकृताकडे, स्नायूंकडे नेऊन सोडते. माणसावर ते प्रथम वापरल्याची हकिकत २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमधील ५८ वर्षांचे एक गृहस्थ, खांद्याचा फाटलेला स्नायूबंध, मानेतील ब्लॉक, लगेच फिट आणि हृदय बंद. सुमारे वीस मिनिटे छाती दाबून, विजेचे झटके देऊन काही हाती लागेना. त्यांना हृदय-फुप्फुस यंत्रावर घेण्याची तयारी सुरू होती. तेवढ्यात कोणाला तरी या द्रावणाची आठवण झाली. १०० मिलिलिटर दिले आणि हृदय पुन्हा चालू लागले. ते गृहस्थ शुद्धीवर आले, मेंदूला इजा न होता.

हे सर्व आमच्या भूलतज्ज्ञांना माहीत होते. त्यांच्या आग्रहामुळे आपल्या शस्त्रक्रियागृहात या द्रावणाची एक बाटली ठेवली जात असे. सलग दोन वर्षे ती न उघडता मुदतबाह्य झाली. काटकसरीचे वर्ष होते. शस्त्रक्रियागृहाच्या कायम साठ्याच्या यादीतून मी तिच्यावर रेघ मारली आणि समासात लिहिले, 'अतिदक्षता विभागात उपलब्ध'. तेही खोटे नव्हते. भूलतज्ज्ञांनी हरकतीची एक चिठ्ठी पाठवली. ती मी फाइलला लावली.

त्यानंतर साधारण चौथ्या महिन्यात, मार्केट यार्डात तीस वर्षे पाठीवर पोती वाहिलेले एक हमाल खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने धर्मादाय रुग्णालयांसाठी जी योजना घालून दिली, तीतील निर्धन रुग्ण निधीतून त्यांचा उपचार होणार होता. त्यांच्या व त्यांच्या पत्नीच्या परवानगीने मी हे सांगत आहे. ब्लॉक देताना सर्व काळजी घेतली होती. सुई टोचल्यावर रक्त येत नाही हे पाहिले होते, औषध थांबत थांबत दिले जात होते. मधेच ते म्हणाले, तोंडात लोखंडासारखी चव येतेय, कानात घूं होतंय. पुढच्या क्षणी फिट आली आणि त्यापाठोपाठ हृदयाची लय गेली.

शस्त्रक्रियागृह पहिल्या मजल्यावर, अतिदक्षता विभाग दुसऱ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. छातीवर दाब देणे चालू होते. आमचा एक वॉर्डबॉय जिना चढून गेला, कपाटाची किल्ली असलेल्या सिस्टर दुसऱ्या रुग्णाजवळ होत्या, त्यांना शोधले, बाटली घेतली आणि तो धावत परत आला. त्या वेळी मी नेमका व्हरांड्यात होतो. तो माझ्या अंगावरून गेला, हातात ती पांढरी बाटली. भुलीच्या नोंदीत मागणी आणि औषध सुरू करणे यांच्यामध्ये नऊ मिनिटांचे अंतर लिहिलेले आहे.

ते वाचले. दोन दिवस अतिदक्षता विभागात राहिले, सहाव्या दिवशी चालत घरी गेले. खांद्याची शस्त्रक्रिया तीन महिन्यांनी ब्लॉकशिवाय केली; त्या रात्री त्यांना फार दुखले, तेही नमूद केले पाहिजे.

काय घडले ते भूलतज्ज्ञांनी त्यांच्या पत्नीला त्याच संध्याकाळी सांगितले होते. बाटलीची गोष्ट मात्र त्यांना ठाऊक असूनही ते बोलले नाहीत. ती माझ्यासाठी ठेवली. मी चौथ्या दिवशी बोललो. चार दिवस का लागले, याचे समर्थन माझ्याजवळ नाही. बाई ऐकून घेत होत्या. त्यांनी रागही केला नाही आणि माफही केले नाही. म्हणाल्या, "मग साहेब, आता ती बाटली कुठं ठेवलीय?" मी म्हटले, शस्त्रक्रियागृहात, ब्लॉक देतात त्याच खोलीत. "कुलपात हाय का?" मी म्हटले, नाही. त्या म्हणाल्या, "बरं केलंत."

अतिदक्षता विभागाचे त्या दोन दिवसांचे बिल लेखा विभागाने निर्धन रुग्ण निधीत टाकले होते. ते मी तिथून काढून रुग्णालयाच्या खर्चात घ्यायला लावले. निधी दानाचा आहे. आमच्या चुकीचा खर्च दानात दाखवणे योग्य नव्हते. ज्यांना तेव्हाच्या हिशेबातील तो बदल समजला नव्हता, त्यांना आज समजेल.

आणखी एक तपशील. एक बाटली मुळातच पुरत नाही. पहिला डोस साधारण १०० मिलिलिटर, त्यानंतर वजनानुसार ठिबक, आणि सत्तर किलोच्या माणसाला सर्व मिळून आठशे मिलिलिटरच्या वरही लागू शकते. म्हणून आता २५० मिलिलिटरच्या चार बाटल्या, मोठी सिरिंज आणि मात्रेचा तक्ता एकाच खोक्यात असतो. भूल देण्यासाठी वापरतात ते प्रोपोफॉलही असेच पांढरे दिसते, पण ते या कामी चालत नाही. खोक्यावर तसे ठळक लिहिले आहे. मुदत संपण्यास तीन महिने उरले की बाटल्या अतिदक्षता विभागाकडे पोषणासाठी देतो. पण तिथेही हे द्रावण क्वचितच लागते, त्यामुळे काही बाटल्या मुदतबाह्य होतातच. चारही बाटल्यांची मिळून किंमत अतिदक्षता विभागातील दोन दिवसांच्या खर्चाजवळही जात नाही.

मज्जातंतूंना होणाऱ्या इजेविषयी नातेवाईक सर्वांत जास्त विचारतात, म्हणून तेही सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये ५२० रुग्णांची एक काळजीपूर्वक पाहणी झाली, ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी ब्लॉक दिल्यावर दहाव्या दिवशी १४ टक्के रुग्णांना हातात मुंग्या, बधिरता किंवा दुखणे जाणवत होते. तीन महिन्यांनी हे प्रमाण सुमारे ४ टक्के राहिले आणि नऊ महिन्यांनी एकच रुग्ण उरला. यातील सगळे ब्लॉकमुळेच असते असे नाही. शस्त्रक्रियेत हात ताणला जातो, त्याचाही वाटा असतो. बहुतेकांची तक्रार काळाबरोबर जाते, पण जाईपर्यंत त्या माणसाला धीर देणारे कोणी हवे असते.

सर्वांत भयंकर इजा ती मज्जारज्जूची. २००० साली अमेरिकेतील डॉ. जोनाथन बेन्युमॉफ यांनी असे चार रुग्ण नोंदवले, ज्यांच्या मानेतील मज्जारज्जूचे कार्य कायमचे गेले. चौघांनाही ब्लॉक पूर्ण भूल दिल्यानंतर दिला होता. सुई नको तिथे गेली तर जागा माणूस ओरडतो. झोपलेला ओरडू शकत नाही. म्हणून आपल्याकडे प्रौढ रुग्णाला ब्लॉक जागेपणी, फार तर हलकी गुंगी देऊन देतात. "आधी पूर्ण झोपवा आणि मग सुई टोचा," असा आग्रह अनेक नातेवाईक प्रेमापोटी धरतात. भूलतज्ज्ञ नकार देतात तेव्हा तो त्यांचा हेकेखोरपणा समजू नये. आणि टोचण्याआधी एक क्षण थांबून, कोणता खांदा, हे रुग्णाला पुन्हा विचारले जाते. चुकीच्या बाजूला ब्लॉक दिला जाण्याचे प्रकार जगभर घडले आहेत. इंग्लंडमध्ये त्यासाठी 'टोचण्याआधी थांबा' अशा अर्थाची मोहीमच चालवावी लागली. तेव्हा "डॉक्टरांना एवढंही माहीत नाही का?" असे म्हणून हसू नये; उत्तर द्यावे.

सोनोग्राफीने सुई आणि मज्जातंतू दोन्ही डोळ्यांना दिसतात. औषध कमी लागते, आणि ते रक्तात शिरून विषबाधा होण्याचा धोका त्यामुळे घटल्याचे मोठ्या नोंदींवरून दिसते. मज्जातंतूची इजा मात्र त्याने पूर्ण टळते असे नाही. आपल्या शस्त्रक्रियागृहातील यंत्र एका देणगीदार कुटुंबाने दिले. त्यांच्या इच्छेनुसार नाव घेत नाही. यंत्र आले, पण ते दोन महिने खोक्यातच राहिले. गर्भलिंग निदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंदणी करावी लागते, मग ते खांद्यासाठी का असेना. कायदा योग्यच आहे आणि या महाराष्ट्रात तो का हवा हेही आपण जाणतो. नोंदणीच्या कागदांसाठी मी जेवढे हेलपाटे घातले, तेवढे आयकर सवलतीच्या प्रमाणपत्रासाठीही घातले नव्हते. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेले आजोबा दारावर वाचतात आणि बुचकळ्यात पडतात.

यंदाच्या अहवालाच्या औषध भांडाराच्या परिशिष्टात ती ओळ पुन्हा आहे. शस्त्रक्रियागृहातील खोक्यातून मुदत संपत आलेल्या बाटल्या बाहेर काढून नव्या ठेवल्या आहेत. गेल्या वर्षभरात त्यांतील एकही उघडावी लागली नाही. निर्लेखनाच्या नोंदीवर सही माझी आहे. ज्या सदस्यांनी प्रश्न विचारला होता, ते आज सभागृहात आहेत. त्यांनी सभा संपल्यावर ते खोके पाहण्यास यावे, अशी त्यांना विनंती आहे. शस्त्रक्रियागृहाच्या सिस्टरना तशी सूचना दिली आहे.